जरा धरता का, महाराज?

एका जंगलात साळिंदरांचं एक बीळ होतं. बाळांनो, साळिंदर म्हणजे पाठभर काटे असलेला प्राणी. त्याला हात लावू नये, हे नुसतं बघूनच कळतं. म्हणून तर त्याचं करायला कुणी पुढं येत नाही. चुळबुळ करू नका, गोष्ट इथूनच सुरू होते.

त्या बिळात कौशी राहायची आणि तिचे सासरे दाजीबा. दाजीबांची एक बाजू लुळी पडलेली. त्यांना उचलायचं, कुशीवर वळवायचं, कंद चावून मऊ करून भरवायचे, सगळं कौशीकडे. नवरा पोटापाण्यासाठी दूरच्या रानात. थोरले दीर नदीपलीकडे, सुखात. बाबांची आबाळ होऊ देऊ नका, असा त्यांचा सारखा निरोप यायचा. निरोप पाठवायचा त्यांनी कधी कंटाळा केला नाही हो, खोटं कशाला बोला.

दाजीबा चिडले की काटे फुलवायचे, आणि ते उठसूट चिडायचे. असाच एक काटा कौशीच्या पंजात रुतला आणि आतच मोडला. पंजा टम्म सुजला. तळ्यावरच्या बगळेवैद्यांनी तो लांबूनच पाहिला आणि सांगितलं, तळ्यावर ये, एका दुपारचं काम आहे. पण पौर्णिमा उलटली तर मात्र पंजा कायमचा गेला समज.

एक दुपार. कौशीला बाकी काही नको होतं. पण तेवढा वेळ दाजीबांपाशी बसणार कोण?

आता जंगल काही निर्दय नव्हतं बरं का. उलट फारच मायाळू. जाता-येता जो तो बिळात डोकावून म्हणायचा, "कौशे, काही लागलं तर हाक मार हं."

कौशीनं हाक मारली. घोरपड म्हणाली, एका जागी चिकटून बसायची मला सवय नाही गं. घोरपड म्हणाली, ऐकताय ना? मोराला पिसाऱ्याची काळजी. सशानं बघतो, कळवतो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून येण्याजाण्याची वाटच बदलली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. कौशी लंगडत लंगडत पुन्हा कंद चावायला बसली.

होता होता ही गोष्ट वाघ महाराजांच्या कानावर गेली. महाराज हळवे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. काहीतरी केलंच पाहिजे, असं ते प्रधान कोल्ह्याला म्हणाले. मग काय ठरलं असेल? कौशीकडे कुणाला तरी पाठवायचं? छे, भलतंच. तिचा सत्कार करायचं ठरलं. शाल, श्रीफळ आणि 'सेवामूर्ती' ही पदवी. पौर्णिमेच्या दुपारी.

आमंत्रण द्यायला खुद्द प्रधान आले. कौशी हात जोडून म्हणाली, "शाल नको. त्या दुपारी बसायला कुणी मिळेल का?"

"अगं, सगळे तुझ्या सत्काराला येणार," कोल्हा म्हणाला. "बसायला उरणार कोण?"

त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

पौर्णिमेला सभा खच्चून भरली. कौशी आली ती दाजीबांना पोटाशी धरून, लंगडत लंगडत. घरी ठेवणार कुणाच्या भरवशावर? टाळ्यांचा कडकडाट झाला. सशाला तर हुंदका आवरेना. कोल्ह्यानं भाषण केलं. अशा सुना आहेत म्हणून आपल्या जंगलाला दुसरी काही सोय करावी लागत नाही, असं तो म्हणाला, आणि ते मात्र अगदी खरं होतं.

मग महाराज शाल घेऊन उठले. पण शाल घालणार कशी? कौशीच्या कवेत दाजीबा. सभा खोळंबली. कौशीनं एकदा कलत्या उन्हाकडे पाहिलं, एकदा आपल्या पंजाकडे.

"जरा धरता का, महाराज?" ती म्हणाली.

सगळी प्रजा बघत होती. महाराजांनी मोठ्या मनानं पंजे पुढे केले.

"पोटाकडून धरा," कौशी म्हणाली. "आणि खाली ठेवू नका, ओरडतात."

तिनं शाल पांघरली, श्रीफळ घेतलं, वाकून नमस्कार केला आणि मंचाच्या मागच्या बाजूनं उतरून तडक तळ्याची वाट धरली.

महाराजांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग दाजीबांना हळूच खाली ठेवू लागले. दाजीबांनी भोकाड पसरलं, की राजानं म्हाताऱ्याला टाकलं. भरसभेत हे कसं चालेल? महाराजांनी घाईघाईनं त्यांना पुन्हा उचललं आणि नाकात काटे भरून घेतले. कोल्ह्याला बोलावलं, तर त्याच्या कमरेत उसण. रानडुकराला नेमकं सुतक. एकेक करत सभा उठली. उठताना प्रत्येकजण महाराजांना मुजरा करून आदबीनं म्हणत होता, "काही लागलं तर हाक मारा हं, महाराज."

तिकडे बगळ्यानं काटा उपटला. कौशीनं गार चिखलात पंजा ठेवला आणि तिथंच तिचा डोळा लागला. कुणाच्या हाकेकडे कान न ठेवता लागलेली झोप कशी असते, हे ती विसरूनच गेली होती.

ती परतली तेव्हा ओस पडलेल्या मंचावर महाराज एकटेच बसले होते. मांडीवर दाजीबा, तोंडात कंद. राजा मुकाट्यानं चावत होता.

"कुठं गेली होतीस सूनबाई?" दाजीबा गुरगुरले.

"काटा काढायला, मामंजी."

"कुणाचा?"

"तुमचाच."

दाजीबांनी काटे मिटवले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दुखत होता काय गं?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. एवढ्या मोठ्या सत्काराला न रडलेली कौशी तिथं ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवंडी आली. कौशी आशेनं बिळाच्या तोंडाशी धावली. महाराजांनी स्वतः सोसलं होतं, आता नक्की काहीतरी होणार. दवंडीवाला ढोल बडवून ओरडला, "ऐका हो ऐका! यापुढे सेवामूर्तींचे सत्कार त्यांच्या गैरहजेरीत होतील!"

तात्पर्य : सेवा करणाऱ्याचं कौतुक नेहमी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून करावं. म्हणजे तो 'जरा धरता का' म्हणालाच, तर आपला एकही हात मोकळा नसतो.