जिलेटिनचा मोजा

कुडव्यातले आमचे शेजारी बिसेनकाका माणसाचं तोंड शेवटी पाहत. आधी पाय. लग्नानंतर बायकोला त्यांच्या पाया पडायला नेलं, तर म्हणाले, "टाचा भेगाळल्या हायेत. बाकी चांगली हाये."

काका दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. पायाची जखम भरत नसली की डॉक्टर चिठ्ठी देत आणि काका घरी झिंक-जिलेटिनचा लेप बनवत. भिजवलेलं जिलेटिन गरम पाण्याच्या गंजात भांडं ठेवून वितळवायचं, त्यात ग्लिसरीन आणि झिंकची पांढरी पूड घोटायची. कोमट लेप ब्रशने पट्टीच्या थरांवर चढवला, की गुडघ्यापर्यंत पांढरा मोजा तयार. तो आठवडाभर काढायचा नाही. लेपात एक गुठळी राहिली तरी सगळं फेकून पुन्हा सुरुवात. कोणी कुरकुरलं तर ठरलेलं उत्तर, "घाई असन त मलम घ्या ना जी, माह्याजवर कायले येता?"

सयाबाईंची जखम दोन वर्षांची. दर सोमवारी त्या यायच्या. आषाढात आल्या तेव्हा पायाला चिखल आणि लोंबती पट्टी. भाताच्या रोवणीला पाणी भरलेल्या बांधीत उतरल्या होत्या आणि जिलेटिन पाण्यात विरघळून गेलं होतं.

"पाण्यात काऊन गेल्या?" काका कडाडले.

"धानाचे पऱ्हे पिवळे पडून राहिले जी. मजूर भेटत नाई. रोवणी कोण करन?"

जखम पुन्हा भिजली तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकांनी नवा मोजा चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः बांधीत उतरले, जाताना मलाही ओढून नेलं. सयाबाई बांधीच्या कडेला धुऱ्यावर, पाय पालथ्या टोपलीवर. तिथूनच ओरडायच्या,

"ओळ वाकडी होऊन राहिली जी!"

आयुष्यात कुणाचं न ऐकलेला माणूस लावलेली रोपं उपटून पुन्हा लावत होता. तीन दिवसांत रोवणी संपवूनच उठला.

दिवाळीआधी जखम भरली. काकांनी मोजा कापला, नव्या कातडीवरून अंगठा फिरवला. "आता यायची गरज नाई," म्हणाले. सयाबाई रडल्याच.

पुढच्या सोमवारी सहज डोकावलो, तर काका लेप घोटत होते.

"कोण येणार आहे?"

"कोणीच नाई."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. पायाच्या दुखण्याखेरीज या घरात कोणी येऊन बसत नाही, हे भिंतीला भिंत लागून असूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. चप्पल काढून मी खाटेवर बसलो आणि पाय पुढे केला.

"घोटा दुखून राहिला, काका."

त्यांनी घोटा दाबून पाहिला, मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"लबाड हायेस," म्हणाले आणि पट्टी उलगडायला लागले.