एका दमात तीन कारणं

आमच्या शेजारचे दामूकाका मुलांना निबंध लिहायला शिकवतात, पण त्यांच्या वर्गात वही उघडण्याआधी मुलांना कबड्डी खेळावी लागते.

हे मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. उल्हासनगरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि वर्गात अजून एकदाही हात वर केलेला नाही. तरी सांगते.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. शिक्षण नववी, पण वीस वर्षं कबड्डीचे पंच. रिटायर झाल्यावर त्यांनी पालेगावात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर संध्याकाळचा वर्ग काढला. "पोरांना कुणी विचारतच नाही गं, तुला काय वाटतं म्हणून. बी.ए., तू शुद्धलेखन बघ, बाकी मी बघतो." बी.ए. म्हणजे मी. अजून झालेली नाही, पण काकांना घाई.

पद्धत अशी. गच्चीवर खडूची मध्यरेषा. प्रत्येकाने एक खेळाडू निवडायचा आणि तो मोठा का, हे सांगायला पलीकडे चढाई करायची. 'कबड्डी कबड्डी' म्हणत जायचं, गड्याला शिवलं की एक कारण बोलायचं. तीन गडी, तीन कारणं, एकच दम. परत आल्यावर शिवलेले गडी शंका काढणार. त्यांना उत्तर दिलं तरच वही उघडायची.

पहिल्याच दिवशी चेतन एका क्रिकेटवाल्याची बाजू घेऊन गेला. "तो भारी आहे, कारण... तो लय भारी आहे!"

काकांनी शिट्टी फुंकली. "बाद! भारी हे कारण नाही, नुसता आवाज आहे. त्याच्यामुळे कुणाचं काय बदललं, ते सांग."

चेतनने डोकं खाजवलं. "आमच्या पप्पांनी रंगीत टीव्ही घेतला."

"एक गुण!" काका इतक्या जोरात ओरडले, की खालच्या मजल्यावरच्या वहिनी धावत वर आल्या.

घटक चाचणीत आमची सहा पोरं निबंध लिहिताना 'कबड्डी कबड्डी' पुटपुटत होती, म्हणून शाळेतल्या बाईंनी काकांना बोलावून घेतलं. काका उड्या मारतच परत आले. "बाई चिडल्यात! पण म्हणाल्या, प्रत्येक मताखाली कारण आहे!"

स्वतः मात्र ते कधीच मत द्यायचे नाहीत. सगळ्यात मोठा खेळाडू कोण, म्हणून मुलांनी कितीही छळलं तरी एकच उत्तर. "पंचाला मत नसतं."

वर्गातली सोनल आठवीत होती आणि खरोखरीची कबड्डीही खेळायची. तिची जिल्ह्याच्या शिबिरासाठी निवड झाली. ठाण्याला, चार दिवस मुक्कामी. संमतीपत्र दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं आणि तिचे वडील सही करायला तयार नव्हते. त्या संध्याकाळी ते तणतणत गच्चीवर आले.

"दामूकाका, पोरगी घरात प्रत्येक गोष्टीला कारण मागते. हे काय भरवताय तिला?"

"बरं झालं आलात," काका म्हणाले. "या, पलीकडे उभे राहा."

वडील गोंधळून मुलांच्या रांगेत उभे राहिले. सोनलने रेषेला हात लावला आणि निघाली. तिचा खेळाडू म्हणजे बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक ताई, जिचा फोटो कुठल्याच पेपरात आला नव्हता. चेतनला शिवून म्हणाली, "ती खेळली म्हणून तिच्या पाड्यावरच्या पाच मुली खेळायला लागल्या!" दुसऱ्याला शिवून, "तिला बघून मी खेळायला लागले!" चेहरा लालबुंद झालेला. तिने वडिलांच्या हाताला हात लावला. "ती शिबिराला गेली आणि परत आली, पप्पा. मी पण येईन!" आणि दम संपता संपता रेषेवर येऊन पडली.

गच्चीवर नुसता कल्ला! मीसुद्धा ओरडत होते, हात वर करून.

वडील हलले नाहीत. "तिचं झालं. मला शंका तुम्हालाच विचारायचीय, काका. तुमची पोरगी असती तर पाठवली असती?"

सगळी मुलं काकांकडे बघायला लागली. काकांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली.

"माझी वैशाली डाव्या कोपऱ्यावर खेळायची," ते म्हणाले. "तिलाही शिबिराचा फॉर्म आला होता. मी नाही पाठवली." मग सोनलच्या वडिलांकडे वळून म्हणाले, "सोनलला पाठवा."

"कारण?" चेतनने सवयीने विचारलं. मी त्याला चिमटा काढला.

"एवढंच आहे रे माझ्याकडे," काका म्हणाले.

वडिलांनी माझ्याकडे पेन मागितलं. सोनलच्या पाठीवरच कागद ठेवून सही केली आणि म्हणाले, "शिबिरात रोज फोन करायचा. नाय केलास तर बघ."

मुलं नाचत खाली गेली. मी वह्या गोळा करत होते. काका कठड्याशी उभे होते.

"बी.ए., पत्र लिहून देशील? वैशालीला. पनवेलला असते. फोनवर मी नुसतं जेवलीस का, एवढंच विचारतो."

मी कोरं पान काढलं. "काय लिहू, काका?"

ते माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "आधी लिही, आमची सोनल शिबिराला चालली."

मी लिहिलं. "पुढे?"

"पुढे विचार... तिच्या लेकीला खेळायला आवडतं का."