परकारचाचांचं सफरचंद

डिसेंबर उजाडला की परकारचाचा गच्चीवरच्या झाडाला नागवं करायला घेत. पत्र्याच्या पिंपात वाढवलेलं सफरचंदाचं झाड, आणि हे लुंगी खोचून त्याचं एकेक हिरवं पान खुडतायत! सफरचंद म्हणे थंडीत पानं गाळून झोपतं, तेव्हाच पुढे फुलतं. बहारीनमध्ये कसली डोंबलाची थंडी? पानं गळतच नाहीत. म्हणून हे त्याला जबरदस्तीनं झोपवणार.

कुवेतचं युद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. झिंज भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये चाचा तळमजल्यावर एकटेच राहत. मूळचे खेडचे, एका कंपनीत स्टोअरकीपर. कपडे वाळत घालताना माझी बादली जरा आपटली की म्हणायचे, “हळू वैनी, झोपलंय ते.”

“मग अंगाई म्हणू का?”

“सबर, वैनी, सबर.”

सबर गेली खड्ड्यात! जानेवारीभर मुळांवर घालायला ह्यांना बर्फ लागे, आणि तो जमवायचा माझ्या फ्रीजरमध्ये. माझ्या पापलेटांनी जायचं कुठे? उन्हाळ्यात झाडाला चादरीची सावली, ह्यांच्या अंगभर घामोळ्या. एवढं करून मिळालं काय, तर पुन्हा पानं! मी तोंडावर सांगितलं, “चाचा, हूऱ्याच्या बाजारात टोपलीभर सफरचंदं मिळतात. ती खा, आणि ह्याची काठी करा.” तर हसायचे. निगरगट्ट माणूस.

त्या हिवाळ्यात कंपनीनं त्यांना रिटायर केलं. मार्चअखेर व्हिसा खलास. जायच्या आत एक तरी फूल बघायचंच, एवढं एकच खूळ डोक्यात. पानं खुडून झाली, बर्फ घालून झाला. फेब्रुवारी गेला, फांद्या आपल्या कोरड्या ठाक.

मार्चमध्ये एका सकाळी दारावर थापा. “वैनी, यल्ला, वर चला!”

गुंडीएवढं फूल. एकच. पांढरं, कडेला गुलाबी.

“ह्याच्यासाठी एवढा आटापिटा?” मी म्हटलं. “फळ धरेपर्यंत तुम्ही खेडात असाल.”

“फळ कोणाला हवंय?” चाचा फुलावरची नजर काढेनात. “दोन वर्षांनी एकदा लिव्ह, वैनी. दर वेळी दारात नवीनच पोरगी उभी. बायको सांगायची, ही तुमची धाकटी. तिघी मोठ्या झाल्या. वाढताना एकपण नाय बघितली. ह्याला बघितलं. रोज.”

मला रडू आलं, आणि रागही आला. कोणाचा, ते कळेना.

“बसा इथेच,” मी म्हटलं. “पोटभर बघा. चहा मी वर आणून देते.”