गॅलरीतला पाइप

नवीन पाइप आणायचा नाही, एवढंच इंजिनीअरसाहेबांनी ठरवलं होतं. गॅलरीतला कपडे वाळत घालायचा पाइप मधे इतका वाकला होता, की टोकाला घातलेला शर्ट घसरत येऊन मधल्या चादरीच्या कुशीत शिरायचा. पण ज्याचा पहिलावहिला पूल उद्या मोठ्या साहेबांपुढे मंजुरीला जायचाय, त्याने एका पाइपपुढे हात टेकायचे?

"अगं, दोष पाइपचा नाही, तुझ्या मांडणीचा आहे." साहेबांनी भिंतीवर (भाड्याच्या घराच्या!) पेन्सिलीने आकृती काढली. "मधोमध भार आला की बीम सगळ्यात जास्त वाकतो. जड कपडे टोकांना घाल, मधे फक्त हातरुमाल."

"पूलही असाच केलाय का हो?"

"अगदी अस्साच!"

"बघू," बायको म्हणाली.

तिने ब्लँकेट, पडदे, जीन्स, सगळं एकाच टोकाला घातलं, कारण ऊन तेवढ्याच टोकाला यायचं. पाइप सुतासारखा सरळ! साहेब "बघितलंस?" म्हणेपर्यंत मूठभर प्लास्टर घेऊन त्याच टोकाचा भिंतीतला हूक निखळला आणि उद्यासाठीचा पांढरा शर्ट कुंडीतल्या चिखलात गेला.

"वाकला मात्र नाही हं," बायको मनापासून म्हणाली.

साहेब भोकाकडे बघतच राहिले. पूल पादचाऱ्यांचा होता, एका टोकाला बसथांबा. बस आली की सगळी गर्दी एकाच टोकाला धावणार, आणि जवळजवळ सगळा भार त्याच टोकाच्या आधारावर पडणार! वाकण्याच्या धास्तीने त्यांनी पुलाचा मध्य डोळ्यांत तेल घालून तपासला होता. टोकांना मात्र गृहीतच धरलं होतं. ते नकाशांकडे धावले. संध्याकाळपर्यंत कागदावर टोकाचे आधार भक्कम झाले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "गर्दी एका टोकाला जमली तर?" आकडे तयार होते. "वा! हे कसं सुचलं?"

"निरीक्षण, सर," साहेब म्हणाले. (ब्लँकेटचं नाव काढलं नाही.)

पूल मंजूर! दुपारीच ते धावत घरी आले. "अगं, तुझ्या ब्लँकेटने लाज राखली माझी!"

बायकोचे डोळे भरून आले. "मला खात्री होतीच. आता जरा इकडे या."

तिने पाइपचं सुटलेलं टोक त्यांच्या खांद्यावर ठेवलं आणि पुन्हा धुतलेलं ओलंचिंब ब्लँकेट वर पसरलं.

"अगं, पण किती वेळ?"

"वाळेपर्यंत. थोडे उन्हात सरका. आणि हो, वाकू नका!"