पाच मोटरींची खवणी

बाळूकाका नारळ खवतात तो पाच मोटरींवर.

आखातात, माहूजच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाचजण राहायचो, सगळे कणकवलीकडचे. काका मुहर्रकच्या एका गॅरेजात मेकॅनिक, वयाने आणि आवाजाने सगळ्यांत मोठे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला रणगाड्यांसाठी मोठी इंजिनं पुरेनात, तेव्हा त्यांनी मोटारगाडीची पाच इंजिनं एकत्र जोडून एकेका रणगाड्यात बसवली. हे काकांनी मोबाइलवर पाहिलं आणि माणूस कामातून गेला. "तीस सिलिंडर, मेल्या. एक इंजिन बंद पडला तरी चार ओढतत."

भंगारातल्या टेबलफॅनच्या पाच मोटरी आणून त्यांनी एका दांड्याला जोडल्या, पुढे गोल खवणी. प्रत्येक मोटरीला वेगळा स्विच, स्विचखाली आमची नावं. माझी मोटर करकरायची. "तुझ्या घोरण्यासारखी आसा ती," काका म्हणाले. यंत्र सुरू झालं की अर्धं खोबरं ताटात, अर्धं पडद्यावर, आणि शेजारचे भिंतीवर थापा मारत. मग काका एक स्विच बंद करून दाखवत. खवणी फिरतच राही. "बघितलंस?" आम्ही शंभरदा बघितलेलं असे.

कोणाला ताप आला तरी तेच. "गप झोप. चार ओढतत." आजाऱ्याची स्वयंपाकाची पाळी मात्र काकाच उचलत. बाकीची तीन इंजिनं तेव्हा कुठे असत, देव जाणे.

मग माझी बायको-मुलगी आली आणि मी सलमानियाला वेगळ्या घरात राहायला गेलो. दोघे कायमचे गावी परतले, एक नोकरी बदलून दुसरीकडे गेला. काकांनी नवीन माणूस घेतला नाही. "जुळवूक वेळ लागता," एवढंच म्हणाले. मी फोनवर "येतो, इंशाल्ला" म्हणत चार महिने काढले. त्याची अजून लाज वाटते.

चतुर्थीला मोदकांचा डबा द्यायला गेलो. पाच मिनिटांत येतो म्हणून दोघींना खाली गाडीतच बसवलं होतं. जिन्यातच खडखडाट ऐकू आला. आत काका एकटे, हातात नारळाची एक वाटी, आणि पाचही स्विच चालू. माझी मोटर करकरत होती.

"काका, अर्ध्या नारळाक एक मोटर पुरे."

"एकावर चलता रे," ते खोबऱ्याकडेच बघत म्हणाले. "पण मग घरात आवाज नाय."

मी डबा खाली ठेवला. बायकोला फोन करून सांगितलं, गाडी नीट लाव आणि दोघी वर या. मग काकांना विचारलं, "दुसरो नारळ आसा?"