एका खिळ्यावर दोन कॅलेंडरं

"कॅलेंडर करायला अक्कल लागते कुठे? सात रकाने, पाच ओळी, वर एक चित्र. संपलं! त्या दातांच्या डॉक्टरला जमतं, तर मला डोळे मिटून जमेल!"

काकांनी हे चहाच्या कपाला सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार? काकू त्यांच्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि स्वयंपाकघरातल्या एकुलत्या एका खिळ्यावर लटकलेलं डॉक्टरांचं कॅलेंडर निरखत होत्या.

वरच्या मजल्यावरचे हे डॉक्टर म्हणजे काकांच्या डोळ्यांतलं कुसळ. एकटा जीव, हसतमुख, आणि या वयात सगळे दात स्वतःचे! हातात वेळच वेळ, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी बिल्डिंगमधल्या प्रत्येकासाठी कॅलेंडर केलं होतं. महिन्याला एक पान, पानावर एक फुलाचा फोटो आणि त्या महिन्यात ज्यांचे वाढदिवस असतील त्यांच्या तारखेवर एक छोटंसं फूल.

काकूंच्या तारखेवर गुलाब होता. तांबडा!

तो गुलाब पाहिला त्या दिवसापासून काकांना घास गोड लागेना. दातओठ खावेत म्हटलं तर ओठ स्वतःचे, पण दात डॉक्टरांनी बसवलेले. म्हणजे रागवायचं तेही त्याच माणसाच्या मेहेरबानीने!

"अहो, अक्षर तरी कसं ठसठशीत आहे बघा," काकू म्हणाल्या. "चष्मा नसला तरी तारीख दिसते."

"अक्षर छापखान्याचं असतं, माणसाचं नव्हे," काका म्हणाले.

"पण फूल माणसानेच काढलंय ना?"

काकांनी चमचा उगाच कपात फिरवला. काकूंच्या वाढदिवसाच्या बाबतीत त्यांची बाजू आधीच लंगडी होती. लग्न झाल्यापासून दरवर्षी त्यांना तो न चुकता आठवायचा, पण दुसऱ्या दिवशी. "अरेच्चा, काल होता नाही का!" हे वाक्य काकूंना इतकं पाठ झालं होतं, की काकांनी तोंड उघडलं की त्याच ते पुरं करायच्या.

काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला. बिल्डिंगमध्ये त्यांना पाठीमागे 'काना-मात्रा' म्हणत. पण म्हणत ते आदराने. त्यांच्या नजरेखालून गेलेल्या कागदावर चूक राहणं म्हणजे मांजराच्या मिशीखाली लोणी राहण्यासारखं होतं.

चहा थंड झाला, तेव्हा काकांनी मुलीला फोन लावला. तिने तिचा जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर त्यांच्याकडे ठेवला होता आणि त्यात कॅलेंडरचा प्रोग्रॅमही होता.

"बाबा, अगदी सोपं आहे. महिना निवडा, फोटो टाका, बटण दाबा. वार, तारखा सगळं आपोआप येतं. फक्त बाकी कशाला हात लावू नका."

"मी काय लहान आहे?"

"नाही ना, म्हणूनच सांगतेय."

काकूंच्या वाढदिवसाचा महिना तोंडावर आला होता. तेवढा एक महिना करायचा, असा करून दाखवायचा की डॉक्टरांचं कॅलेंडर खिळ्यावरून आपणहून उडी मारेल, असा बेत ठरला.

पहिली अडचण फोटोची. कॉम्प्युटरमध्ये काकूंचा धड एकच फोटो होता. गच्चीतला, मोकळं हसणाऱ्या काकू, आणि शेजारी कोण? डॉक्टर! काकांनी माउस तलवारीसारखा धरला आणि डॉक्टरांना पार छाटून टाकलं. एवढं करूनही काकूंच्या खांद्यामागे डॉक्टरांचा एक कान उरलाच. तो कापायला गेलं की काकूंचा खांदा जाई. शेवटी काकांनी कानाशी तह केला.

दुसरी अडचण वारांची. प्रोग्रॅमने वारांची नावं मुंगीएवढी छापली होती, तीही इंग्रजीत. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. ती सगळी पुसून त्यांनी ठळक, टपोऱ्या अक्षरांत स्वतः नावं टाकली. रविवार, सोमवार, मंगळवार... आठवड्याची सुरुवात रविवारी होते हे तर शाळेतलं पोरही सांगेल! एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की प्रोग्रॅमने पहिल्याऐवजी शेवटचा रकाना लाल केलाय.

"चूक!" काका खुर्चीत उसळले. "शनिवार लाल? म्हणे आपोआप!"

त्यांनी शेवटचा रकाना काळा केला आणि पहिला लाल केला. यंत्राची चूक काढल्याचा आनंद असा, की त्यांनी स्वतःला अर्धा कप चहा जास्त करून घेतला.

मग तपासणी. मुद्रितशोधकांची एक रीत असते. ओळ सरळ वाचली तर मन अर्थाच्या मागे पळतं आणि चूक निसटते. म्हणून ते शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतात, एकेक अक्षर सुटं करून. काकांनी पान तसं तीनदा वाचलं. एकही वेलांटी वाकडी नव्हती, एकही आकडा गळलेला नव्हता. वर वार, खाली तारखा, दोन्ही निर्दोष! फक्त कोणत्या वाराखाली कोणती तारीख आली, हा प्रश्न अर्थाचा होता, आणि अर्थाशी मुद्रितशोधकाचा संबंध काय?

आता सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल. त्या प्रोग्रॅमचा आठवडा सोमवारी सुरू होत होता. काकांचा रविवारी. म्हणजे त्या अख्ख्या महिन्याची प्रत्येक तारीख एक दिवस आधीच्या वाराखाली येऊन बसली होती!

काकूंच्या तारखेवर काकांनी तीन गुलाब टाकले. डॉक्टरांचा एक, आपले तीन. मग बिल्डिंगमधल्या प्रत्येकासाठी एक प्रत छापली. निळी शाई संपली तेव्हा शेवटच्या प्रतींत काकू किंचित हिरव्या दिसू लागल्या. काकांनी त्या प्रती तळमजल्यावर वाटल्या, तिथे उजेड कमी असतो. खुद्द 'काना-मात्रां'चं कॅलेंडर म्हटल्यावर घरोघरी लोकांनी डॉक्टरांचं उतरवून तेच लावलं.

डॉक्टरांचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरलं आणि कपाटामागे गेलं. काकूंनी नव्या कॅलेंडरकडे बघितलं, जवळ जाऊन बघितलं, बोट ठेवून काहीतरी मोजलं आणि पदर तोंडाला लावला.

"काय गं? आवडलं ना?"

"हो तर! पण हा कान कोणाचा?"

"भिंतीचा," काका म्हणाले. "भिंतीला असतात."

त्या आठवड्यात बिल्डिंगला काय झालं कोणालाच कळेना.

पहिला बळी तळमजल्यावरचा बँडवाला. सहा तारखेच्या लग्नाची सुपारी होती. काकांच्या कॅलेंडरात सहा तारीख मंगळवारी. तो मंगळवारी सकाळी लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा अशा थाटात हॉलवर पोचला आणि दारातूनच कर्णा फुंकला. आत दोन कामगार खुर्च्या पुसत होते. ते दचकून उठून उभे राहिले आणि उभेच राहिले, कारण त्यांना वाटलं कोणीतरी मोठा माणूस आलाय.

"लग्न उद्या आहे हो!" त्यातला एक म्हणाला.

बँडवाला घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. "काना-मात्रा काकांचं कॅलेंडर चुकणार नाही. माझंच डोकं चाललं!"

दुसरा बळी बिल्डिंगचे सेक्रेटरी. पाण्याची टाकी दहा तारखेला धुणार, अशी सूचना त्यांनीच लावली होती. काकांच्या कॅलेंडरात दहा तारीख शनिवारी. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घराघरांत बादल्या, पातेली, घागरी, एका घरात तर फुलदाण्यासुद्धा भरल्या गेल्या. शनिवारी नळ धो धो वाहत राहिले! "टाकीवाल्याने टांग मारली," असं म्हणत लोकांनी भरलेलं पाणी ओतून दिलं. आणि रविवारी सकाळी, सेक्रेटरींच्या डोक्याला साबण फासलेला असताना, नळाने एक उचकी दिली आणि मौन धरलं.

एका डोळ्याने सेक्रेटरी जिन्यात आले. "पाणी! कोणाकडे पाणी आहे का?"

पाणी एकाच घरात होतं. डॉक्टरांच्या! त्यांच्या बादल्या काठोकाठ भरलेल्या. बिचारे हसतहसत मजल्यामजल्यावर तांबे पोचवत होते. काकूंनाही एक बादली आणून दिली.

"काय माणूस आहे!" काकू म्हणाल्या.

"आधी माहिती काढली असेल," काका पुटपुटले. "असली माणसं टाकीवाल्यालाही फितवतात!"

आपल्या कॅलेंडरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. रोज वर्तमानपत्र वाचत, पण तेही चुका काढायला. वरच्या कोपऱ्यातल्या तारखेला काना नाही, मात्रा नाही, मग तिथे नजर कशाला थांबेल?

आणि मग तो बुधवार उजाडला. कॅलेंडरात बुधवाराखाली चौदा तारीख, तिच्यावर तीन गुलाब. काका आयुष्यात पहिल्यांदा काकूंच्या आधी उठले. चहा केला. त्यात साखर विसरले, पण चहा केला. कोपऱ्यावरच्या दुकानातून गुलाबांचा एवढा मोठा गुच्छ आणला, की जिन्यात समोरून येणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंना वाटलं, झुडूपच चालत येतंय.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा!" काका म्हणाले.

काकू काहीतरी बोलायला गेल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, बिनसाखरेच्या चहाकडे पाहिलं, गुच्छाकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं.

"अगं, बोल की!"

"काय बोलू? आज आठवण झाली तुम्हाला. आजच!"

"म्हणजे काय! संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगला बोलावलंय. केक सांगितलाय. डॉक्टरांनाही बोलावलंय." शेवटचं वाक्य काकांनी चघळून चघळून म्हटलं.

संध्याकाळी घर भरलं. बँडवाला कोट न घालता आला, सेक्रेटरी केस धुऊन आले, शिवणकामवाल्या बाई नवी उशी घेऊन आल्या. सगळ्यात शेवटी डॉक्टर आले. रिकाम्या हातांनी! कधी नव्हे ते ओशाळलेले.

"वहिनी, माफ करा हं. माझी समजूत होती की..." डॉक्टर अडखळले. "उद्या आहे ना?"

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. याच क्षणासाठी त्यांनी कानाशी तह केला होता!

"उद्या?" ते गरजले. "डॉक्टर, गुलाब छापणं सोपं असतं, तारीख लक्षात ठेवणं कठीण! तुमच्या कॅलेंडरात चूक आहे. मंडळी, मी पुराव्यानिशी दाखवतो!"

कपाटामागून डॉक्टरांचं कॅलेंडर निघालं. काकांनी ते आपल्या कॅलेंडराशेजारी टेबलावर पसरलं आणि खिशातून लाल पेन काढलं. "इथे चौदा गुरुवारी. आणि इथे चौदा बुधवारी. दोघांत एक जण चुकलाय!"

"माझंच चुकलं असेल," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "आजकाल मला नीट दिसतही नाही. चला, केक कापू या!"

त्यांचा चांगुलपणा काकांना मिरचीसारखा झोंबला. "नाही! निकाल लागलाच पाहिजे!"

"थांबा जरा," बँडवाला पुढे वाकला. "डॉक्टरांच्या कॅलेंडरात सहा तारीख बुधवारी. म्हणजे त्या दिवशी मी..."

"आणि दहा रविवारी!" सेक्रेटरींचा हात आपोआप डोक्याकडे गेला. "म्हणजे टाकी..."

सगळ्यांच्या माना डॉक्टरांकडून काकांकडे वळल्या. अगदी हळू. एवढ्यात फोन वाजला. काकूंनी उचलला. मुलीचा आवाज खोलीभर ऐकू गेला.

"आई, उद्याच्या वाढदिवसाचा काय बेत? बाबांना आज आठवण करून दे हं, नाहीतर परवा शुभेच्छा देतील!"

बँडवाल्याच्या पोटातून जे हसू निघालं, ते कर्ण्यालाही जमलं नसतं. मग सेक्रेटरी हसले, बाई हसल्या, उशी हसली असती तर तीही हसली असती. एकटे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सुरी उचलून काकूंच्या हातात दिली आणि म्हणाले, "केक मात्र आजचाच ताजा आहे." काकांना वाटलं, याने निदान आता तरी हसावं. म्हणजे मनसोक्त राग तरी धरता येईल!

पाहुणे गेल्यावर काका आपलं कॅलेंडर फाडायला निघाले.

"खबरदार!" काकू म्हणाल्या.

"चुकलेला कागद फाडायचा असतो."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बोटावर मोजलं मी."

काका खुर्चीत कोसळले. "मग सांगितलं का नाहीस? बँडवाला, सेक्रेटरी..."

"तुमच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी बघितला नव्हता. आणि वाटलं, जन्मभर एक दिवस उशिरा आठवला, एकदा एक दिवस आधी आठवला तर आठवू दे की. आता हिशेब सरळ झाला." काकू हसल्या. "बिनसाखरेचा चहासुद्धा प्यायले मी."

काकांनी मान खाली घातली. पण शल्य जाईना. "आणि त्याचा गुलाब?"

"अहो, डॉक्टर घरोघर फिरून ज्याचं त्याचं आवडतं फूल विचारून गेले. तुम्ही दार उघडलंत का? तुमचं मीच सांगितलं." त्यांनी डॉक्टरांचं कॅलेंडर उलटत शेवटच्या महिन्यापर्यंत नेलं. काकांच्या वाढदिवसावर एक निवडुंग होता. ताठ, काटेरी, आणि शेंड्याला एक इवलंसं पांढरं फूल.

"निवडुंग!"

"कौतुक करायला जावं तर टोचतो. पण फूल येतं, ते बघत राहावं असं," काकू म्हणाल्या. "आता दोन्ही कॅलेंडरं लावायची. दुसरा खिळा ठोका."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी खिळा ठोकायला घेतला. ती भिंत म्हणजे काळा दगड! पहिला खिळा वाकला, दुसरा उडाला, तिसऱ्याने काकांचा अंगठा चेचला.

"अशाने होणार नाही," काकू म्हणाल्या. "वर जा. डॉक्टरांकडे ड्रिल मशीन आहे."

काका वर गेले. कसे गेले ते त्यांनाच ठाऊक! थोड्या वेळाने डॉक्टर खाली आले. एका हातात काकूंसाठी तांबडा गुलाब, दुसऱ्या हातात ड्रिल. त्यांनी भिंतीवर बोटाने हलकेच टकटक केलं, कान लावून ऐकलं, ड्रिल उचललं आणि सवयीने भिंतीला म्हणाले, "जरासं दुखेल हं. मोठा आ करा."

भिंत गप्प राहिली. पण शेजारी उभ्या असलेल्या काकांचं तोंड आपोआप उघडलं.