तेजराव काका कंपनीचं घर पाहतात

"भाईसाब, आपके बाजूवाले लोग कैसे है? बेटी देने लायक है क्या?"

हा प्रश्न आमचे शेजारी तेजराव काका डोणगावात आपल्या ओट्यावर बसून दुबईतल्या एका न्हाव्याला फोनवर विचारत होते. न्हावी हैदराबादचा निघाला. तो म्हणाला, "चाचा, उधर तो कोई रहताच नहीं. ताला है. कभी कभी एक आदमी आता, चिठ्ठियां लेके जाता."

काकांनी त्याचे आभार मानले, दुकान कसं चालतं ते विचारलं, आणि फोन ठेवून वहीतल्या एका नावावर आडवी रेघ मारली.

"घराले कुलूप," ते मला म्हणाले. "अशा ठिकानी पोरगी देनं नाही, मास्तर."

आतून काकू म्हणाल्या, "त्या न्हाव्यालेच जवाई करून घ्या. मानूस चांगला वाटून राह्यला."

वहीतलं ते नाव कुठल्या मुलाचं नव्हतं, कंपनीचं होतं. परदेशी चलनाचे सौदे करणाऱ्यांना भांडवल देणाऱ्या ज्या कंपन्या मोबाईलवर जाहिराती करतात, त्यांतली एक. तुम्ही आधी फी भरायची आणि परीक्षा द्यायची. परीक्षेत खोट्या पैशांवर डॉलर-युरोचे सौदे करून नफा दाखवायचा. पास झालात की कंपनी आपल्या भांडवलावर सौदे करू देते आणि नफ्यातला मोठा वाटा तुम्हाला देते. नापास झालात की फी गेली. अशा कंपन्या रग्गड आहेत, आणि त्यांतली कुठली बरी हे काका दीड वर्षापासून तपासत होते.

काका एसटीत कंडक्टर होते. मेहकर, लोणार, बीबी या पट्ट्यात तिकिटं फाडता फाडता त्यांनी कितीतरी लग्नं जमवली. कुणाच्या घरी उपवर मुलगी आहे, कुणाचा मुलगा शिकतो आहे, कोण पितो, कोण भांडतो, हे सगळं त्यांना पाठ असायचं. त्यांचा नियम एकच. घर पाहायचं, पण घरच्यांना काही विचारायचं नाही. शेजाऱ्याला विचारायचं. "घरचा मानूस सांगन ते जाहिरात. शेजारी सांगन ते घर."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मोठेपणासाठी सांगत नाही, काकांसाठी सांगतो. माझ्या वडिलांना कॉलेज म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणून माझ्या प्रवेशाच्या वेळी काका सोबत आले. ते ऑफिसात गेलेच नाहीत. समोरच्या सायकलवाल्याकडे गेले आणि विचारलं, "भाऊ, इथले सर लोक तासाले जातात का?" सायकलवाला म्हणाला, "इंग्रजीचे सर तं पावसातही येतात." काका मला म्हणाले, "इंग्रजी घे बे." मी घेतलं. आज मी हायस्कूलला इंग्रजी शिकवतो, आणि काकांची परदेशी चौकशी माझ्याच इंग्रजीतून चालते.

परीक्षा द्यायची होती त्यांच्या मुलीला. वंदनाताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. सासर सोडून आली त्याला बरीच वर्षं झाली. साड्यांचं फॉल-पिको करते. मशीनशेजारी लॅपटॉप ठेवून ती दीड वर्षं हे सौदे शिकत होती, खोट्या खात्यावर रोज सराव करत होती. फीचे पैसे तिच्या स्वतःच्या कमाईतले तयार होते. बाबांनी एकदा हो म्हणावं, एवढंच राहिलं होतं.

आणि काका काही हो म्हणत नव्हते.

कंपन्यांच्या अटी मी वाचून मराठीत सांगायचो. काका डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे.

"काका, ही कंपनी म्हणते, एका दिवसात पाच टक्क्यांच्या वर नुकसान झालं की खातं बंद."

"म्हनजे एक दिवस भाजीत मीठ जास्त पडलं की सुनेले माहेरी पाठोतात. कडक सासू. पुढं."

"हिची नुकसानीची मर्यादा सरकती आहे. जसा नफा वाढेल तशी मर्यादाही वर चढते. खाली यायची सोय नाही."

"ही तं तिच्याहून खट्याळ. सून जितकं चांगलं करन, तितकं हिचं तोंड मोठं होत जाते. खोड हे नाव."

"ही म्हणते, मोठी बातमी यायच्या वेळी सौदा करायचा नाही."

"बैठकीत पाव्हने आले की सुनेनं आत बसाचं. इक्कीसवी सदी हाये म्हना त्याहिले!"

बँकेतल्या एका साहेबांना मी भीत भीत विचारलं होतं. ते म्हणाले, असले परदेशी सौदे आपल्या कायद्यात बसतात की नाही ते आधी नीट तपासा. मी ते काकांना सांगितलं. काकांनी वहीत प्रत्येक नावापुढे लिहिलं, 'पत्रिकेत मंगळ.'

मग शेजारी शोधायचे. कंपनीचा पत्ता मी नकाशात काढायचो, बाजूला कुठलं दुकान आहे ते पाहायचो, आणि तिथे फोन लावायचो. एका इमारतीत एकाच खोलीच्या पत्त्यावर नऊ कंपन्या निघाल्या. काका हादरले. "एका खोलीत नऊ भाऊ, अन् अजून वाटनी नाही? मास्तर, तिथं रोज भांडे आदळत असतीन." नवांवर एकदमच रेघ बसली.

एका बेटावर कंपनीच्या खाली फुलांचं दुकान होतं. दुकानातली बाई इंग्रजी बोलायची. मी विचारलं, "वरचे लोक कसे आहेत?" ती म्हणाली, सभ्य आहेत, पण कधी फुलं घेत नाहीत. काकांनी हे ऐकून मान हलवली. "येकही फूल नाही? वाढदिवस नाही, पूजा नाही, काहीच नाही? असं खानदान काय कामाचं?" मग त्यांनी मला झेंडूचा भाव विचारायला लावला. भाव ऐकून ते ओट्यावरून उठून उभे राहिले. त्या आठवड्यात वडनेर भोलजीच्या एका पाहुण्याला ते गंभीरपणे सांगत होते की बेटावर झेंडू लावला तर माणूस सोन्याचा होईल.

अशा रेघा मारता मारता वही संपली. काकांनी दुसरी आणली. तिच्या पहिल्या पानावर ते रकाने आखत होते तेव्हा वंदनाताई पिकोचा दोरा तोडून बाहेर आली.

"बाबा, अजून किती घरं पाह्यता?"

"पाहू दे न माय. घाई कायची हाये?"

"मांगच्या येळी तुमी पाह्यलं. या येळी मी पाह्यते."

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. पण काकांच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

मागच्या वेळची गोष्ट मला काकूंकडून कळली. सगळ्या तालुक्याची घरं पाहणाऱ्या काकांनी स्वतःच्या मुलीचं घर पाहिलंच नव्हतं. लग्नसराई होती, गाड्या भरून वाहत होत्या, रजा मिळेना. त्यांनी गाडीतच त्या गावच्या एका माणसाला विचारलं. त्याने तोंडभरून कौतुक केलं. तो मुलाचा सख्खा मामा होता हे काकांना मांडवात कळलं. पुढे तिकडून ताईचे फोन आले की काका म्हणायचे, "तेच तुहं घर हाये आता." तीन वर्षं तेच म्हणत राहिले. मग एक दिवस ती पिशवी घेऊन त्यांच्याच गाडीत चढली. काकांनी सवयीने विचारलं, "कुठं?" ती म्हणाली, "घरी." काकांनी डोणगावचं तिकीट फाडून दिलं.

तर ताईने कंपनी स्वतः निवडली, तीच पाच टक्क्यांची कडक सासू. फी भरायच्या दिवशी काकूंनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि ताईची ओटी भरली. तिने बटण दाबलं तेव्हा काका तोंड धुवायला मोरीत गेले होते. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

परीक्षा सुरू झाली आणि आमच्या गल्लीत संचारबंदी लागली. काकांनी कुकरच्या शिट्ट्या बंद करवल्या. भंगारवाल्याला कोपऱ्यावरच अडवून, "आत पोरगी परीक्षेत बसली हाये," असं सांगून परत पाठवलं. युरो खाली आला की आपोआप काकांचा आवाज खाली यायचा.

बाराव्या दिवशी, दुपारी, एका तासात सगळं फिरलं. पाच टक्क्यांची रेघ थोडक्यात ओलांडली गेली आणि खातं बंद झालं. मी तेव्हा ओट्यावरच होतो. ताई दारात आली.

"बाबा, वापस आली."

मला वाटलं, आता काका कंपनीचा, तिच्या सासूचा, माझ्या इंग्रजीचा, सगळ्यांचा उद्धार करतील. ते नुसते उठले. "हातपाय धू," म्हणाले. "जेवून घे. तुही माय थांबली हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "मास्तर, कंपनीले चिठ्ठी लिव्हाची हाये. इंग्रजीत."

तक्रार असणार म्हणून मी तयारीने गेलो. आत ताईचं मशीन सुरू होतं. काका ओट्यावर येरझाऱ्या घालत सांगू लागले आणि मी लिहू लागलो.

"लिव. आमची लेक वंदना काल सुखरूप घरी पोचली. तिची काही चूक नाही. लिवलं? तिनं बारा दिवस इमानदारीनं काम केलं. तुमचं काही म्हननं असन तं तिले सांगू नका, मले सांगा. पुन्हा कुठं जाचं का नाही जाचं, ते तीच ठरोन. अन् हे लिव, की जिथं जाईन तिथून वापस याले तिले आमाले ईचारा लागत नाही. फोन कराही लागत नाही. हे मी तिले आधीच सांगाले पाहिजे होतं. तीन वर्षं उशीर झाला."

मी थांबलो. कंपनीत ती बाराच दिवस होती. पण मी तीन वर्षं असंच लिहिलं. आत मशीन केव्हाच थांबलं होतं.

"खाली काय लिवतात?" काकांनी विचारलं.

"आपला विश्वासू."

"ते नको. 'वंदनाचा बाप' लिव."

मी लिहिलं. मग म्हणालो, "काका, पत्ता सांगा. कुठल्या पत्त्यावर पाठवू?"

काकांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिथे अजून काही आवाज नव्हता.

"राहू दे," ते म्हणाले. "पोचली ते."